वस्तरापान आणि पट्टापान

सकाळचे साडेपाच वाजले होते आणि चिहारु तानिगुची एका बंद सलूनसमोर उकिडवी बसून पानावरचे केस मोजत होती.

खरं म्हणजे तिला इथे यायचंच नव्हतं. फुकुओकाहून पहिली गाडी पकडून ती यानागावाला आली होती ती असागाओ मंडळाच्या अध्यक्षांकडे. पण कालव्याकाठच्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या, आणि दिशांशी चिहारुचं कधीच जमलं नव्हतं. दुसऱ्या पुलावरून वळायचं ती तिसऱ्यावरून वळली, आणि 'उमेझाकी केशकर्तनालय' या पाटीखालच्या कुंड्या बघून जागच्या जागी थांबली.

असागाओ म्हणजे सकाळचा चेहरा. पहाटे उमलतो, दुपारच्या आत मिटतो. निळं कर्ण्यासारखं फूल, तीन टोकांचं पान... पहिलीतलं प्रत्येक पोर शाळेत एक तरी लावतंच. पण या कुंड्यांतला एकही तसा नव्हता. एकाच्या पाकळ्या चिंध्या करून वाळत घातल्यासारख्या, एकाचं फूल पिसांच्या झुबक्यासारखं, एकाचं पान तर चक्क चुरगाळलेला कागद. दोनशे वर्षांपूर्वीच्या शौकिनांनी हौसेनं जपलेले हे विचित्र वाण. विद्यापीठाच्या बीजसंग्रहात त्यांच्या गुणांच्या नोंदी ठेवणं हीच चिहारुची नोकरी होती. तिनं पिशवीतून पट्टी आणि भिंग काढलं आणि ती बसली.

"दुकान आठला उघडतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी केस कापायला नाही आले."

"ते दिसतंय. आमच्या झाडाचे केस बघताय."

"मोजतेय," चिहारु मान वर न करता म्हणाली. "एका चौरस सेंटिमीटरला किती, ते. अठ्ठेचाळीसपर्यंत आले होते... तुम्ही बोललात. आता परत पहिल्यापासून."

"मोजा, मोजा. गिऱ्हाईक घाई करत नाही तोवर न्हावीही करत नाही."

आता तिनं वर बघितलं. तिशी नुकतीच ओलांडलेला एक माणूस हातात झारी घेऊन उभा होता. खांद्यावर टॉवेल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगाला दाढीच्या साबणाचा वास. आणि चेहरा इतका गंभीर, की चेष्टा चालली आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

त्याचं नाव शुहेई उमेझाकी. दुकान वडिलांचं, कुंड्याही वडिलांच्या. वडील जाऊन पाच वर्षं होत आली होती. "लोकांना वारसा म्हणून शेत मिळतं, घर मिळतं," तो म्हणाला. "मला एकशे चाळीस कुंड्या मिळाल्या. रोज पाणी. पळून जायची सोय नाही."

"नोंदी आहेत का त्यांच्या? कुठला वाण, कुठली पानं, काही लिहिलेलं?"

"वह्या आहेत. सतरा."

"सतरा?" चिहारु उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष तिकडे चहा टाकून वाट बघत असणार, हे ती साफ विसरली.

भाजलेल्या बार्लीच्या थंड चहाचा पेला घेऊन ती सलूनच्या बाकावर बसली आणि पहिली वही उघडली. कात्सुमी उमेझाकींचं अक्षर सुरेख होतं, पण शब्द मात्र कुठल्याच पुस्तकात न सापडणारे. 'भांग.' 'झुलपं.' 'फेस.' 'वस्तरा.' 'पट्टा.'

"बाबांना झाडांचे शब्द यायचे नाहीत," शुहेई म्हणाला. "दुकानातलेच वापरले. पाकळी मधोमध चिरलेली म्हणजे भांग. पांढऱ्या पाकळ्यांचा ढीग म्हणजे दाढीचा फेस. तुम्ही काय करणार याचं?"

"झाड करणार."

"झाड तर आहेच."

"तसं नाही." तिनं वहीच्या कोऱ्या पानावर रेघा काढल्या. "बघा. एका बागेत लिहितात 'बारीक पान', दुसरीकडे 'अरुंद', तिसरीकडे 'वेळूचं पान'. माणसाला कळतं की एकच गोष्ट आहे. संगणकाला नाही कळत. म्हणून प्रत्येक गुणाला एक ठरलेलं नाव द्यायचं, एक क्रमांक, एक व्याख्या. आणि तो कुणाच्या पोटात येतो तेही सांगायचं. पानाचा आकार हा पानाच्या गुणांच्या पोटात, अरुंद पान हे आकाराच्या पोटात. असं करत करत शब्दांचं एक झाड होतं. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात."

"आणि ते झालं की?"

"मग तुमच्या बाबांनी इथे बघितलेलं फूल आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी बघितलेलं फूल शेजारी शेजारी ठेवता येतं. सारखेपणा कशामुळे आला, ते शोधता येतं."

शुहेईनं वही मिटून तिच्याकडे सरकवली. "शनिवारी या," तो म्हणाला. "दुकान उघडायच्या आधी. अध्यक्ष रागावले तर सांगा, उमेझाकीच्या पोरानं अडवलं. ते माझ्यावर तसेही रागावलेलेच असतात."

चिहारु शनिवारी आली. पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. पहाटेच्या गाडीत ती एकटीच असायची. साडेपाचला ती कुंड्यांपाशी, सातला बाकावर, आणि आठला पहिलं गिऱ्हाईक आलं की निघायची. शुहेईची आई मित्सुए दर वेळी न विचारता तिच्यासमोर लोणचं आणि भाताचे गोळे ठेवायची आणि म्हणायची, "खा गं. पानांचे केस मोजून पोट भरत नाही."

काम संथ चाललं होतं, कारण शुहेई प्रत्येक शब्दाला भांडायचा. तेही अदबीनं, आडनावाला 'सान' जोडून; बाई असो की पुरुष, 'सान' सगळ्यांनाच लागतं.

"'पाकळीची मध्यचीर'," त्यानं तिच्या यादीतून वाचलं. "बाबांनी हे ऐकलं असतं तर खुर्चीतून पडले असते."

"व्याख्या लागते, उमेझाकी-सान. उद्या ब्राझीलमधल्या माणसाला भांग म्हणजे काय ते कसं कळणार?"

"ब्राझीलमधली माणसं भांग पाडत नाहीत?"

चिहारुला हसू आलं. ते दाबायला गेली आणि चहा नाकात गेला. शुहेईनं निमूटपणे खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. "गिऱ्हाइकांचा आहे. धुतलेला आहे," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झालेले तिनं बघितले. आणि त्या आठवड्यात काहीही कारण नसताना ते तिला दोनतीनदा आठवले.

एका बाबतीत मात्र भांडण चेष्टेचं नव्हतं. वह्यांमध्ये लांबट, निमुळत्या पानाला दोन शब्द होते. काही वेलींपुढे 'वस्तरा', काहींपुढे 'पट्टा'. वस्तऱ्याला धार लावायचा जो कातड्याचा पट्टा सलूनच्या भिंतीला टांगलेला असतो, तो. चिहारुनं दोन्हींची तीस-तीस पानं मोजली. रुंदीत फरक जवळजवळ नव्हताच.

"एकच गुण आहे," ती म्हणाली. "अरुंद पान. दोन्ही एकाच नावाखाली घालते."

"बाबांनी दोन शब्द उगाच नसते वापरले. बोलण्याच्या बाबतीत ते भयंकर कंजूष होते."

"मग फरक काय, ते लिहिलंय कुठे?"

"लिहिलं नसेल."

"उमेझाकी-सान, मोजता येत नाही तो फरक मी नोंदीत कसा घालू?"

त्यानं वस्तरा भिंतीवरच्या पट्ट्यावर दोनदा फिरवला, अंगठ्यानं धार बघितली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं.

ऑक्टोबरात बिया धरल्या. या वाणांची गंमत अशी, की ज्या वेलीवर सगळ्यात सुंदर, सगळ्यात विचित्र फूल येतं ती वांझ असते. तिला बी धरत नाही. तो गुण पुढे जातो तो तिच्या साध्यासुध्या भावंडांकडून. दिसायला ती चारचौघांसारखी, पण त्यांच्या बियांतून पुढच्या वर्षी पुन्हा एखादी ती दुर्मीळ वेल निघते. पट्टा वाणाच्या अशा चाळीस बिया शुहेईनं कागदात गुंडाळून तिच्या हातात दिल्या.

"सगळ्या नका देऊ," चिहारु म्हणाली. "अर्ध्या ठेवा."

"मागे कालव्याचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं. माझ्या कपाटापेक्षा तुमच्या बीजसंग्रहाची थंड खोली बरी." मग कात्री पुसत, तिच्याकडे न बघता, "आणि तुमच्याकडे असल्या म्हणजे... मागायला यायचं निमित्त होईल."

गाडीत चिहारुनं ती पुडी पिशवीत ठेवली नाही. मुठीतच धरून ठेवली.

ते निमित्त मार्चमध्ये आलं. सोमवारी सलून बंद असतं. एका सोमवारी शुहेई इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठात हजर झाला, हातात वाफवलेल्या वाम-भाताचे दोन डबे घेऊन. ऑगस्टमध्ये वडिलांना जाऊन सहा वर्षं होत होती आणि सातव्या वर्षाचे विधी होते. त्या सकाळी पट्टा वाणाचं फूल घरात हवं, अशी आईची इच्छा होती. त्यासाठी दहा-बारा बिया हव्या होत्या.

"आणते," म्हणून चिहारु थंड खोलीत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जाड पाकीट आणि एक कागद होता.

जानेवारीत खोलीत जागा कमी पडली होती. एकाच गुणाचे वाण एकत्र करून टाका, असं ठरलं होतं. कुठले एक, कुठले वेगळे, याची यादी चिहारुच्याच तक्त्यातून निघाली होती. 'अरुंद पान' या नावाखालच्या सगळ्या बिया एका पाकिटात गेल्या होत्या. एकूण दोनशे बारा. त्यांतल्या चाळीस कुठल्या, ते आता कुणीही सांगू शकत नव्हतं. कागदाच्या तळाशी तिची सही होती.

तिनं कागद त्याच्यासमोर धरला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. कारणं दिली नाहीत.

शुहेईनं कागद दोनदा वाचला. "बाबांनी दोन शब्द लिहिले होते."

"हो."

"तुम्ही एक केलात."

"हो."

आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं डबे बाकावर ठेवले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. चिहारुला त्या डब्यांना हात लावता येईना आणि टाकवतही नव्हतं. शेवटी हरितगृह सांभाळणाऱ्या होंदाकाकांनी दोन्ही खाल्ले, आणि वाम फार उत्तम होती असं तिला दोनदा सांगितलं.

रीत अशी, की मिठाईचा खोका घेऊन जावं आणि माफी मागावी. चिहारुनं तसं केलं नाही. मिठाईनं बिया वेगळ्या झाल्या नसत्या. तिनं सतरा वह्यांचे फोटो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. या वेळी तक्त्यात बसतं तेवढंच नाही, तर सगळं. हवा, पाणी, गिऱ्हाइकांची नावं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं ते.

तीन आठवड्यांनी नवव्या वहीत सापडलं. 'पेरणीनंतर पाचवा दिवस. डोळ्यांना दोघं सारखे. अंगठ्याला नाहीत. पट्टा जाड.' एवढंच. आणि अकराव्या वहीत, पुढच्या कुठल्याशा वर्षी त्याच तारखेच्या आसपास, 'शुहेईला दाखवलं. त्याला कळतं.'

ही दुसरी ओळ तिनं मागच्या वर्षी वाचली होती. गुण नाही, म्हणून सोडून दिली होती.

तिनं दोन्ही ओळी हातानं उतरवून काढल्या आणि खाली लिहिलं, "माझं चुकलं. मी रुंदी मोजली, जाडी मोजलीच नाही. पाच मेला सगळ्या बिया पेरते आहे. दहा मेला तुमचा अंगठा लागेल. सोमवार आहे." आणि पत्र टाकलं.

उत्तर आलं नाही. एप्रिल गेला. पाच मेला तिनं पेरणी केली. दहा तारखेला पहाटे पाऊस लागला, बारीक, न थांबणारा. सात वाजता ती हरितगृहाचं दार उघडायला आली तेव्हा छपराच्या कडेखाली शुहेई उभा होता. अर्धा खांदा भिजलेला.

"किती वेळ झाला येऊन?"

"पहिली गाडी. तुमच्या शनिवारच्यासारखीच, फक्त उलट्या दिशेची." त्यानं खांदा झटकला. "बाबा माझ्याबद्दल काही लिहितील असं वाटलं नव्हतं कधी. तोंडावर कधी बोलले नाहीत ते. मी कात्री धरली की नुसते बघायचे."

"वहीतही दोनच शब्द आहेत."

"त्यांच्या मानानं ते भाषण आहे," तो म्हणाला आणि आत शिरला.

दोनशे चार बिया उगवल्या होत्या. पहिली दोन पानं फुटलेली. एक्कावन्न रोपांची पानं अरुंद, बाकीच्यांची साधी. शुहेईनं हात धुतले, कोरडे केले आणि पहिल्या अरुंद रोपाची पानं अंगठा आणि तर्जनीमध्ये अलगद धरली. डोळे मिटून. पुढचं. त्याच्या पुढचं. छपरावर पाऊस वाजत होता आणि चिहारु त्याच्या मागे मागे चालत होती.

सातव्या रोपाशी तो थांबला. "हे."

"नक्की?"

"हात द्या."

त्यानं तिचा अंगठा धरून पानावर टेकवला. "दाबू नका. नुसता ठेवा. गालावर ठेवावा तसा. आता हे शेजारचं... आता परत हे. कळलं?"

"नाही," चिहारु म्हणाली. खरं तर तिला त्या क्षणी त्याच्या हाताखेरीज काहीच कळत नव्हतं.

"परत बघा. घाई नाही."

चौथ्या खेपेला कळलं. एक पान कागदासारखं, दुसरं कातड्यासारखं. इतकं स्पष्ट की हे मोजायचं आपल्याला सुचलं कसं नाही, याची तिला लाज वाटली. तिनं जाडी मोजायचं यंत्र आणलं. एकाची जाडी दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त भरली.

"मोजता येतो," ती हळूच म्हणाली. "म्हणजे फरक आहे."

"तो आधीही होता, तानिगुची-सान."

"हो," ती म्हणाली. "होता."

एक्कावन्नपैकी नऊ पट्टा निघाले. ऑगस्टच्या फुलांची सोय झाली. पण ही नऊ रोपं वांझ. वाण टिकायचा तर त्यांची साधी भावंडं हवीत, आणि ती एकशे त्रेपन्न साध्या रोपांत मिसळलेली होती. ओळखायचा उपाय एकच होता. सगळी वाढवायची, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या मेमध्ये पेरून बघायचं.

"एक वर्ष लागेल," चिहारु म्हणाली. "आणि इथे एकशे त्रेपन्न कुंड्यांना जागा नाही."

"गिऱ्हाइकं आहेत माझी. एकेक देतो प्रत्येकाला. सांगतो, बी हरवलं तर पुढची हजामत डोळे मिटून करेन." तो थांबला. "म्हणजे पुढच्या वर्षीही यावं लागेल तुम्हाला."

"यावंच लागेल."

"फार त्रास."

"फार," चिहारु म्हणाली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही... पण ट्रे उचलताना दोघांनी एकच ट्रे धरला, आणि दोन हातांत मावेल एवढा तो ट्रे चार हातांनी विद्यापीठाच्या टेम्पोपर्यंत गेला.

तो उन्हाळा दोघांनी सायकलवर काढला. शनिवारी पहाटे गल्लोगल्ली फिरायचं, कुंड्या बघायच्या, क्रमांकाच्या चिठ्ठ्या तपासायच्या. निवृत्त पोस्टमननं आपल्या वेलीला नातीचं नाव दिलं होतं. मासळीवाल्या त्सुजीबाईंनी आपली कुंडी देवघराशेजारी ठेवली होती.

"काय मग, लागलं का काही हाताला?" त्सुजीबाईंनी एकदा विचारलं.

"आत्ताच नाही कळायचं, बाई," शुहेई म्हणाला. "पुढच्या मेमध्ये."

"मी झाडाबद्दल विचारत नव्हते."

परतताना शुहेई इतक्या जोरात सायकल मारत होता की चिहारुला गाठणं जड गेलं. पुलावर तो एकदाचा थांबला. "त्सुजीबाईंचं मनावर घेऊ नका. त्या सगळ्यांनाच असं..."

"मी कुठे घेतलं?"

"नाही घेतलंत?" त्याचा चेहरा जरा उतरला. चिहारुनं ते बघितलं. सायकलच्या घंटीशी उगाच चाळा करत म्हणाली, "थोडं घेतलं." आणि त्याच्या पुढे निघाली.

त्यापुढे त्या विषयावर दोघंही काही बोलले नाहीत. जूनही गेला, जुलैही. चिहारुला घाई नव्हती असं नाही. पण ज्या माणसाचा वारसा आपल्या एका सहीनं मिसळून टाकला, त्याच्याकडे आपण होऊन काही मागायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. आणि शुहेई शेवटी त्याच वडिलांचा मुलगा होता.

ऑगस्टच्या त्या सकाळी नऊपैकी सहा वेलींवर फुलं होती. कुंड्या ओसरीत ओळीनं मांडल्या होत्या. गडद, जाडसर, लांब पानं आणि त्यांतून खाली ओघळलेल्या पांढऱ्या धाग्यांसारख्या पाकळ्या, टोकाशी किंचित जांभळ्या. मित्सुए सगळ्यात आधी उठून त्यांच्यासमोर बसली होती. "हेच," एवढंच ती म्हणाली आणि डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली.

नातेवाईक जमले. भिक्षू आले. चिहारु काळ्या पोशाखात कोपऱ्यात बसली होती. फुलं बघून लगेच निघायचं असं तिनं ठरवलं होतं, पण मित्सुएनं जाऊ दिलं नाही. तेवढ्यात सागाहून आलेल्या फुमिएआत्यानं चष्मा सावरून तिच्याकडे बघितलं.

"ह्या कोण? आपल्यातल्या दिसत नाहीत."

"विद्यापीठातल्या आहेत त्या—" मित्सुएनं सुरुवात केली.

"आपल्यातल्या होणार आहेत," शुहेई म्हणाला.

आपण काय बोललो हे शुहेईला सगळ्यांत शेवटी कळलं. त्याचे कान लाल झाले, मग मान. "म्हणजे... मी अजून विचारलेलं नाही," तो म्हणाला. "विचारणार होतो."

"आज?" आत्या म्हणाली. "भावाच्या कार्यात?"

"आज नव्हतं ठरवलं."

सगळ्या माना चिहारुकडे वळल्या. तिनं तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी भिक्षूंनी खाकरून सांगितलं की त्यांना साडेदहाला दुसऱ्या घरी पोचायचं आहे, तेव्हा आता सुरू करूया.

मग पाऊण तास मंत्रपठण. चिहारु गुडघे मुडपून, पाठ ताठ ठेवून बसली. पुढच्या रांगेत शुहेईची मान दिसत होती. ती काही पांढरी व्हायचं नाव घेईना. धुपाचा धूर वर चढत होता आणि फुमिएआत्या दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होती. पठण संपलं, सगळे उठले, आणि चिहारुला उठताच येईना. दोन्ही पाय मेले होते.

शुहेई आला. हात पुढे केला. ती त्याच्या हाताला धरून कशीबशी उभी राहिली आणि म्हणाली, "हो."

"मुंग्या आल्यात ना? थांबा, जरा असंच—"

"मुंग्या आल्याच आहेत. पण 'हो' त्याला नव्हतं."

ओसरीत आत्या कुणाला तरी विचारत होती, "काय म्हणाली? काय म्हणाली?"

"परत म्हण," तो म्हणाला. 'तू' कधी झालं हे त्यालाही कळलं नाही.

"हो म्हणाले. आणि आधी मला माफी मागायची आहे. नीट. मार्चमध्ये मागितली नाही मी."

"पत्रात लिहिलं होतंस. माझं चुकलं म्हणून. ते वाचूनच तर आलो." त्यानं तिचा हात सोडला नव्हता. "उलट त्या एकशे त्रेपन्न कुंड्या नसत्या, तर वर्षभर तुला कुठल्या कारणानं बोलावलं असतं मी? मला तर काही सुचलं नसतं."

"ते दिसलंच आज," चिहारु म्हणाली.

पुढच्या मेमध्ये एकशे त्रेपन्न वेलींच्या बिया वेगवेगळ्या पेरल्या. अंगठ्यानं तपासायचं काम दोघांनी वाटून घेतलं. सतरा कुंड्यांच्या बियांतून पट्टा निघाला. त्सुजीबाईंच्या कुंडीतून नाही निघाला, म्हणून त्या आठवडाभर रुसल्या. वाण वाचला. चिहारुनं 'अरुंद पान'च्या पोटात दोन नवी नावं घातली, दोन क्रमांक दिले, दोन व्याख्या लिहिल्या. पर्यायी नावं म्हणून तिथे वस्तरा आणि पट्टा हे शब्दही घातले. हा भेद प्रथम कुणी केला, या रकान्यात लिहिलं, 'कात्सुमी उमेझाकी, न्हावी, यानागावा.'

लग्नाची नोंद करायला ते सोमवारी नगरपालिकेत गेले, कारण सोमवारी दुकान बंद असतं. अर्जात एक प्रश्न होता. लग्नानंतर दोघांचं मिळून आडनाव कुठलं, नवऱ्याचं की बायकोचं? एकावरच खूण करायची.

चिहारु पेन हातात घेऊन थांबली. "दोन्ही ठेवता येत नाहीत," ती म्हणाली.

शुहेईनं पेन तिच्या हातातून घेतलं आणि बायकोच्या आडनावापुढे खूण केली.

"अरे... दुकान? तुझी आई काय म्हणेल?"

"विचारलंय तिला. म्हणाली, पाटीला हात लावायचा नाही, बाकी काहीही करा. आणि बाबांचं नाव तू लिहिलंयस ना तिकडे. ते काही हलत नाही आता." त्यानं अर्ज खिडकीतून आत सरकवला.

आतल्या बाईनं कागद तपासले, शिक्का मारला आणि अभिनंदन म्हणाली. मग नव्या नावानं पुकारलं, "तानिगुची-सान, पोच घ्या."

दोघंही एकदम पुढे झाले.